बाबाजी धुरीच्या छातीतली वाळू

बाबाजी धुरी आखातात, अबूधाबीकडच्या रुवैसला आला पंचाण्णवच्या फेब्रुवारीत आणि गेला अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये. मधल्या तीन वर्षांत त्याने तेलाच्या सात टाक्या आतून घासून पांढऱ्या केल्या. त्या टाक्या अजून उभ्या आहेत. आतल्या रंगाची दहा वर्षांची लेखी गॅरंटी होती. ती मीच टाइप केली होती.

मी त्याच कंपनीत डॉक्युमेंट क्लार्क होतो. साइटवरच्या एका पत्र्याच्या केबिनमध्ये बसून रिपोर्ट टाइप करायचे, फायली लावायच्या, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं म्हणणं साहेबांना आणि साहेबांचं त्यांना सांगायचं, हे माझं काम. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता त्या नावाने अस्तित्वातही नाही.

बाबाजी कणकवलीच्या पुढचा. गावी सात वर्षं चिऱ्याच्या खाणीत होता. आला तेव्हा पस्तिशीचा असेल. सडपातळ, पण मनगटं अशी की पाइपचा वाल्व्ह तो पाना न लावता फिरवायचा. हट्टी माणूस. शुक्रवारी सुक्या बांगड्याची आमटी करायचा आणि ती दुसऱ्या कोणी ढवळली तर जेवायचा नाही. फोरमनने पास केलेला कोपरा स्वतःच्या मनाला आला नाही तर परत घासायला घ्यायचा. "रंग इथून सुटला तर शिव्या मला पडतील," म्हणायचा. तो माझ्याशी मालवणीत बोलायचा. इथे मी सोपं करून लिहितोय.

त्याचं काम सँडब्लास्टिंगचं. कंप्रेसरच्या दाबाने जाड नळीतून वाळू पोलादावर मारायची. गंज, जुना रंग, सगळं उडून खालून करडं-पांढरं पोलाद निघतं. समुद्राची हवा लागली की चार तासांत त्यावर पुन्हा गंज धरतो, म्हणून घाई. उघड्यावर हे काम वाईटच. टाकीच्या आत तर विचारू नका. वर झाकण, बाजूला एक माणूस वाकून जाईल एवढं भोक, आणि आत वाळूचं असं धुकं की हॅलोजनचा दिवा हातभर अंतरावर लालसर ठिपक्यासारखा दिसायचा.

या कामाला डोक्यावरून घालायचं हूड असतं. त्यात बाहेरून नळीने चांगली हवा येते. बारा जणांच्या गँगला चार हूड होते. दोनांच्या काचा वाळूने आंधळ्या झालेल्या, आणि नळीतून येणाऱ्या हवेला कंप्रेसरच्या जळक्या तेलाचा वास. ते घालून माणसं ओकायची. म्हणून सगळे तोंडाला फडकं बांधत. बाबाजीचं फडकं म्हणजे बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. तो रोज धुवायचा, रोज वाळत घालायचा.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात रॉस्को डिलर्ड आला. तेलकंपनीच्या वतीने रंगकामाची तपासणी करायला आलेला अमेरिकन इन्स्पेक्टर. वय अठ्ठावन्न, कृष्णवर्णीय, केस पांढरे, हळू बोलणारा. अमेरिकन साहेब येणार म्हणून केबिन धुवून काढली होती. गाडीतून हा उतरला तेव्हा गणू पवारने मला विचारलं, "साहेब मागच्या गाडीत आहे काय?" गणू बाबाजीच्याच गँगमधला, त्याच्या वरच्या बंकवर झोपणारा.

कँपवर तीन मेस होत्या. सीनियर, ज्युनियर आणि लेबर. पहिल्याच दुपारी सीनियर मेसच्या दाराशी वॉचमनने डिलर्डला अडवलं आणि हिंदीत सांगितलं, "ड्रायव्हर लोग उधर." डिलर्डने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. वॉचमन घाबरून बाजूला झाला. मी मागेच होतो. मी सॉरी म्हणालो, त्याला भाषा कळली नाही वगैरे. डिलर्ड म्हणाला, "भाषा कळायची गरज नव्हती. साउथ कॅरोलिनात मी वाचायला शिकलो ते अशाच दारांवरच्या पाट्या वाचून." आणि आत जाऊन जेवला.

त्याच आठवड्यात त्याने सात नंबरच्या टाकीची तपासणी ठेवली. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि माणसं त्या भोकातून एकेक करून बाहेर येत होती. केस, भुवया, पापण्या, कपडे, सगळं पांढरं. फडकं सोडलं की तेवढा तोंडाचा भाग काळा. रोज बघून मला त्याचं काही वाटायचं नाही. डिलर्ड मात्र जागच्या जागी उभा राहिला. हातातलं क्लिपबोर्ड त्याने खाली घेतलं.

"ही वाळू कुठली?" त्याने मला विचारलं.

"इथलीच. वाळवंटातून ट्रकने येते. चाळून घेतात."

"साधी वाळू?"

"हो."

बाबाजी शेवटी बाहेर आला आणि पाण्याच्या पिंपाशी उभा राहून खोकला. डिलर्ड म्हणाला, "याला विचार, कधीपासून खोकतोय."

मी विचारलं. बाबाजी म्हणाला, "कोण खोकतंय? वाळू आहे ती. गुळणी केली की जाते." मग जरा थांबून म्हणाला, "मे महिन्यापासून. पण रात्रीच जास्त."

डिलर्डने ते क्लिपबोर्डवर लिहून घेतलं. चार दिवसांनी, टाकीच्या सावलीत माणसं डबे उघडून बसली होती, तेव्हा तो आला आणि एका पालथ्या बादलीवर बसला. मला म्हणाला, "मी बोलतो ते जसंच्या तसं सांग. गाळू नकोस."

त्याने त्याच्या आजोबांची, आईच्या वडिलांची, गोष्ट सांगितली. एकोणीसशे तीस साल. अमेरिकेत मंदी, कुठेच काम नाही. दक्षिणेतल्या गावांतून काळ्या माणसांना रेल्वेत भरून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात नेलं. नदीचं पाणी वळवून वीज करायची होती, त्यासाठी डोंगराच्या पोटातून बोगदा खणायचा होता. आत काळी माणसं, बाहेर उभे राहून हुकूम सोडणारे बहुतेक गोरे. खडक फोडताना पाणी मारलं की धूळ बसते, पण पाणी मारलं की काम हळू होतं. म्हणून कोरडंच फोडायचं. खडक काचेसारखा, पांढरा. संध्याकाळी माणसं बाहेर येत तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत.

"कोण गोरा, कोण काळा, ते तेवढ्यापुरतं कळायचं नाही," डिलर्ड म्हणाला. हे सांगताना तो हसला नाही. मीही तसंच सांगितलं.

काही महिन्यांत माणसं झोपड्यांतच मरायला लागली. कंपनीचा डॉक्टर म्हणायचा, न्यूमोनिया. काळ्या गोळ्या द्यायचा. आजारी पडलेल्यांना झोपडीतून हुसकून लावायचे, कारण झोपडी कामावरच्या माणसासाठी. मेले त्यांतल्या कितीतरी जणांना लांबच्या एका मक्याच्या शेतात रांगेने पुरलं. नावं लिहिली नाहीत. डिलर्डच्या आजीला कोणी कळवलंही नाही. बरोबर गेलेला एक जण दीड वर्षाने खोकत परत आला, त्याने सांगितलं.

बारा माणसं जेवायची थांबली होती. बाबाजीने विचारलं, "त्यांच्याकडे मास्क नव्हते?"

"होते. बोगदा बघायला येणाऱ्या इंजिनियरांसाठी."

बाबाजी मान हलवत हसला. "म्हणजे आमच्यासारखंच." आमच्या सेफ्टी ऑफिसात सहा नवे मास्क काचेच्या कपाटात होते. तेलकंपनीचे पाहुणे आले की बाहेर निघायचे. मग त्याने विचारलं, "त्याची आजी पुढे काय करत होती?"

डिलर्डला हा प्रश्न अपेक्षित नसावा. "लोकांचे कपडे धुवायची," तो म्हणाला. "मेली तोपर्यंत. ती म्हणायची, मला त्याचं शेत दाखवा. कुठलं शेत ते कोणालाच माहीत नव्हतं."

गणू म्हणाला, "साहेबाला सांग, ती सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट." मी सांगितलं. डिलर्ड उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "वाळूला साल माहीत नसतं."

पोलाद साफ झालं की त्यावर धूळ राहिलीय का हे बघायची एक सोपी रीत असते. पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावायची, काढायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. किती धूळ आली त्यावरून पास की नापास. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डिलर्डने टाकीतल्या पत्र्यावर पाच पट्ट्या मारल्या, कागदावर लावल्या. मग बाहेर बसलेल्या बाबाजीला हात पुढे करायला सांगितलं. एक पट्टी मनगटावर, एक मानेवर, एक फडक्याच्या आतल्या बाजूला, जिथे तोंड येतं तिथे. त्याही त्याच कागदावर लावल्या आणि खाली लिहिलं: पत्रा नापास. कामगार नापास. ब्लास्टिंग बंद करावं. वाळू बदलावी. हवेचे हूड द्यावेत.

काम नऊ दिवस बंद राहिलं. प्रोजेक्ट मॅनेजरने डिलर्डला केबिनमध्ये बोलावलं. मी फायली घेऊन तिथेच उभा होतो. मॅनेजर आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. त्याने कराराचं पान उघडलं आणि म्हणाला, "मिस्टर डिलर्ड, तुमचं काम पोलादापुरतं आहे. पोलाद पांढरं झालं की नाही, एवढं बघा. माणसं आमची."

"माझ्या आजोबांच्या वेळेला पण असंच पान होतं," डिलर्ड म्हणाला.

"ते मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत असावं म्हणूनच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला एक तक्ता करायला सांगितला. मास्क वाटपाचं रजिस्टर. जानेवारीपासून दर महिन्याला प्रत्येकी दोन मास्क आणि चार फिल्टर दिल्याच्या नोंदी, समोर सही. "तेलकंपनीला दाखवायचंय," तो म्हणाला. "फॉर्मॅलिटी आहे. मास्क येतील, इन्शाल्ला." मी तक्ता केला. सह्या घ्यायला लेबर कँपवर गेलो. अकरा जणांनी पुढच्या माणसाकडे बघून सह्या केल्या. बाबाजीने कागद हातात धरून ठेवला.

"यात काय लिहिलंय?"

"मास्क मिळाल्याची पोच आहे, बाबाजीभाऊ."

"मिळाले कुठे?"

"येणार आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतोस म्हणून करतो," म्हणाला आणि मराठीत, वळणदार अक्षरात सही केली. अकरा वेळा, महिन्यागणिक. मास्क येणार नव्हते. मला ते माहीत होतं. खरेदीचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जायचा आणि मास्कचा एकही गेला नव्हता.

नोव्हेंबर संपायच्या आत डिलर्डच्या जागी दुसरा इन्स्पेक्टर आला. डिलर्डला म्हणे अबूधाबीच्या ऑफिसला बोलावलं होतं. तिथून त्याला थेट ह्यूस्टनच्या विमानात बसवलं. जायच्या आधी तो टाकीवर आला होता. स्वतःचा रबरी मास्क, दोन्ही बाजूंना फिल्टरच्या डब्या असलेला, त्याने बाबाजीच्या हातात दिला. आणि मला स्वतःच्या घरचा पत्ता दिला. नव्या इन्स्पेक्टरने सात नंबरची टाकी दुपारपर्यंत पास केली.

बाबाजीने तो मास्क दोन दिवस वापरला. तिसऱ्या दिवसापासून जो टाकीत सगळ्यात आत, तळाशी असेल त्याने घालायचा असं त्याने ठरवून टाकलं. पाळीपाळीने. एकाने काढला की दुसरा आतून फडक्याने पुसून घालायचा. डिसेंबरच्या अखेरीस फिल्टर इतके भरले की त्यातून श्वास ओढवेना. तसले फिल्टर रुवैसला मिळत नव्हते. मी अबूधाबीहून आणतो म्हणालो होतो. आणले नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. त्यासाठी मेडिकल, रक्त आणि छातीचा एक्स-रे. कंपनीच्या बसने तो इतर एकोणीस जणांबरोबर अबूधाबीला गेला. एकोणीस जणांचे कागद परत आले. बाबाजीला पुन्हा बोलावलं, पुन्हा फोटो काढला. मग कंपनीला कागद आला. छातीत डाग. क्षय असावा. अनफिट. अशा माणसाला देशात राहता येत नसे.

तो कागदही मीच त्याला वाचून दाखवला.

"टीबी?" तो म्हणाला. "आमच्या घरात कोणाला टीबी नाही."

"फोटोत डाग दिसतोय म्हणतात."

"डाग असेल. पण टीबी कसा? ताप नाही, थुंकीत रक्त नाही. तू त्यांना वाळूचं सांगितलंस का?"

मी मॅनेजरला सांगितलं होतं. तो म्हणाला, "आपण डॉक्टर आहोत का, हबीबी? सरकारी कागद आहे. खलास." आणि त्याच दिवशी तिकिटाच्या फॉर्मवर सही केली. इतकं झटपट तिकीट मी त्या कंपनीत दुसऱ्या कोणाला मिळालेलं पाहिलं नाही.

विमान पाचव्या दिवशी होतं. ते पाच दिवस त्याला कँपच्या टोकाला, मोडक्या एसीच्या स्टोअररूममध्ये ठेवलं. त्याचं ताट वेगळं, पाण्याचा मग वेगळा. खोलीतल्या लोकांनी त्याची गादी बाहेर टाकली. तीन वर्षं त्याच्या हातची आमटी खाल्लेली माणसं नाकाला रुमाल लावून लांबून हात करत होती. फक्त गणू जायचा त्याच्याकडे. तोही दारात बसायचा. एअरपोर्टला सोडायला मी गेलो. बाबाजीने वाटेत एवढंच विचारलं, "आठ नंबरचा खालचा कोपरा कोण करतोय? तिथे वेल्डिंगची शिवण आहे, सांभाळून मारावं लागतं."

पुढचं मला पत्रांतून आणि नंतर त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

गावात तो पोचायच्या आधी त्याचा टीबी पोचला होता. त्याच विमानाने आलेल्या कोणीतरी सांगितलं असावं. भावाने पडवीत त्याची खाट टाकली. गिरिजाने, त्याच्या बायकोने, ताट-तांब्या वेगळा केला. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. दोघांना पडवीत जायची बंदी. दवाखान्यातून टीबीची औषधं सुरू झाली. लघवी लाल व्हायची, अन्न जायचं नाही, पण त्याने एक डोस चुकवला नाही. आठ महिने. खोकला तिळभर कमी झाला नाही. थुंकी तपासली की दरवेळी जंतू नाहीत. दवाखान्यातला म्हणायचा, "औषध लागू पडतंय, म्हणून दिसत नाहीत."

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये गिरिजाचा भाऊ त्याला मुंबईला परळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे डॉक्टर मृणालिनी म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी फोटो दिव्यावर लावला आणि रोग विचारायच्या आधी काम विचारलं. बाबाजीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा टीबी नाही. कधीच नव्हता. ही वाळू आहे. फुप्फुसात जाऊन बसलीय आणि तिच्याभोवती फुप्फुस दगडासारखं झालंय." याला औषध नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. बाबाजी म्हणाला, "हे मला एका साहेबाने आधी सांगितलं होतं."

डॉक्टरांनी कंपनीला पत्र लिहिलं. या माणसाने किती दिवस, कोणत्या वाळूत, काय साधनं घेऊन काम केलं ते कळवावं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. मजकूर मॅनेजरने सांगितला, टाइप मी केला. त्यात तीन मुद्दे होते. बाबाजी धुरी यांच्या व्हिसावर 'सुतार' असा हुद्दा होता. म्हणजे ब्लास्टर म्हणून त्यांची नेमणूक कधीच नव्हती. भारतात ते सात वर्षं दगडखाणीत होते, तेव्हा आजार तिथला असू शकतो. आणि कंपनीने त्यांना नियमित मास्क पुरवले, सोबत सह्यांची प्रत. अकरा सह्या, वळणदार अक्षरात.

त्या वेळेला अपर्णा आणि काव्या, माझी बायको आणि मुलगी, नुकत्याच अबूधाबीला आल्या होत्या. फॅमिली व्हिसा कंपनीच्या नावावर. मी घरी अपर्णाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही टाइप केलं नसतं तर दुसऱ्याने केलं असतं." मला तेच ऐकायचं होतं.

दोन हजार सालच्या मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो तेव्हा त्याच्याकडे गेलो. तो आता घरात, खिडकीशी होता. चाळीस वर्षांचा माणूस, पण बसतानाही दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून खांदे वर उचलायचा, तेव्हा हवा आत जायची. एक वाक्य बोलायला तीन श्वास. मी माझ्या गावाहून, चिपळूणहून आणलेले आंबे ठेवले. कोकणातल्या माणसाकडे आंबे नेले, इतकं मला सुचत नव्हतं.

"कागद पाहिला," तो म्हणाला. "सही माझीच आहे."

"बाबाजीभाऊ—"

"तुला माहीत होतं? येणार नाहीत ते?"

मी म्हणालो, "नाही."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की सोडून दिलं, मला कळलं नाही. मग त्याने गणूची चौकशी केली. गणू अजून टाकीतच होता. नऊ, दहा, अकरा झाल्या होत्या, आता पलीकडच्या प्लांटवर काम निघालं होतं. वाळू तीच. बाबाजीने गिरिजाला कपाटावरचा एक्स-रे काढायला लावला. मोठं खाकी पाकीट. ते माझ्या हातात दिलं.

"हे ने. त्यांना दाखव. गणूला, सगळ्यांना. उजेडासमोर धर आणि सांग, हा पांढरा भाग म्हणजे वाळू." तो श्वासासाठी थांबला. "मला आता नको फोटो. मला माहीत आहे आत काय आहे."

मी तो बॅगेच्या तळाशी, कपड्यांखाली घालून नेला. जूनच्या एका शुक्रवारी सकाळी लेबर कँपच्या खोलीत खिडकीच्या काचेवर धरला. चौदा माणसं होती. पाहिलं सगळ्यांनी. एकाने विचारलं, "ये किसका है?" कोणीतरी म्हणालं, "टीबीवाला." गणू पुढे आला, जवळून बघितलं, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "हे मेडिकलला दिसतं?"

"दिसतं."

"माझं रिन्यूअल पुढच्या वर्षी आहे." तो हिशेब करत असावा. "अजून वर्ष काढता येईल."

बाकीचे कपडे धुवायला निघून गेले. शनिवारी पहाटे चौदाही जण बसमध्ये होते. गणूला पुढच्या वर्षी अनफिटचा कागद आला. माणगावकडचा होता तो; परत गेल्यावर त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

बाबाजी दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये गेला. शेवटचे चार महिने त्याला आडवं झोपता येत नव्हतं. उशांच्या ढिगाला टेकून, बसल्या जागी गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं: क्षयरोग. जुन्या औषधाचं कार्ड घरात होतं, त्यावरून लिहिलं. गिरिजा मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तालुक्याला गेली. हे बदला म्हणाली. तिथल्या माणसाने सांगितलं, कामाच्या जागेचा पुरावा लागेल. ती चार वेळा गेली. मुलीला बघायला आलेल्यांपैकी दोन घरांनी बाप कशाने गेला हे ऐकून नकार कळवला होता, म्हणून तिला तो शब्द पुसायचा होता.

मी डिलर्डला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, थोडक्यात. मला दोष दिला नव्हता. एकच मागितलं होतं: जे पाहिलं आणि जे केलं ते तारखांसकट लिहून काढ, सही कर आणि बाबाजीच्या बायकोला दे. माझ्या आजीला असा एक कागद देणारा माणूस भेटला नाही, असं त्याने लिहिलं होतं. मी तो कागद लगेच लिहिला नाही. दोन हजार दोनच्या अखेरीस मला अजमानला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, व्हिसा बदलला, आणि मग लिहिला. साडेतीन पानं. वाळूचं, हुडांचं, सुताराच्या व्हिसाचं आणि रजिस्टरचं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत मी तो घेऊन गिरिजावहिनींकडे गेलो. त्यांनी अंगणातल्या खुर्चीवर बसवलं. मी कागद पूर्ण वाचून दाखवला. मास्क येणार नाहीत हे मला माहीत होतं, हे वाक्यही वाचलं.  मुलगी चहा ठेवून गेली.

वाचून झाल्यावर मी म्हणालो, "हे तालुक्याला दाखवलंत तर दाखला बदलतील, वहिनी."

"दीड वर्ष झालं. आता बदलणार नाहीत म्हणतात," त्या म्हणाल्या. मग मालवणीत बोलल्या. ते शब्द तसेच लिहितो. "वरीसभर मी त्येंच्या आंगाक हात लावलंय नाय, भावोजी. पोरांका जवळ जावक दिलंय नाय. ते पडवीतसून हाक मारीत, मी दारातसून ताट सरकवी. टीबी नव्हतोच. ह्यां कोण लिवन देतलो?"

 त्यांनी साडेतीन पानं घडी घालून पदराखाली धरली आणि चहा गार होतोय म्हणाल्या. चहा प्यालो. चारची एसटी होती, ती धरून मी चिपळूणला परत आलो आणि आठवड्याने अजमानला ड्युटीवर हजर झालो.